मुलांना घेऊन सरकारवाड्यात

नाशिकची मुलं रायगड चढून येतात, शनिवारवाड्यासमोर फोटो काढून येतात, शाळेची सहल दिल्लीला गेली तर लाल किल्लाही बघून येतात. पण आपल्याच गावात, सराफ बाजारात उभा असलेला पेशवेकालीन सरकारवाडा त्यांच्यातल्या बहुतेकांनी आतून पाहिलेला नसतो. माझ्या चित्रकलेच्या क्लासातल्या मुलांना मी विचारलं, तर बरीचशी म्हणाली, "काकू, ते पोलीस स्टेशन ना?" त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? सरकारवाडा पोलीस ठाणं शहरात आहेच, आणि ते नावानं आपल्याला रोजच्या बातम्यांत भेटतं. ठाणं आज वाड्यात नाही, दुसरीकडे आहे. नाव मात्र वाड्याचं घेऊन गेलंय. आणि खुद्द वाडा बाजाराच्या गर्दीत, दुचाक्यांच्या रांगेमागे राहिलाय.

ते ऐकून मला फार लागलं. मी जुन्या नाशकात लहानाची मोठी झालेली. शाळेत जाता-येता त्या पायऱ्यांवरून हात फिरवलेला. म्हटलं, इंटरमिजिएटची परीक्षा एकदा पार पडू दे, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचंच.

मोठा लवाजमा मला नको होता. माझी सहावीतली मुलगी, सिन्नरहून सुट्टीला आलेला चौथीतला भाचा, क्लासातला नववीचा एक मुलगा आणि आठवीची एक मुलगी, आणि समोरच्या घरातली पहिलीतली छोटी. छोटीबरोबर तिचे आजोबा येतो म्हणाले. आजोबांचं सगळं बालपण गोदाकाठी गेलेलं. ते आले नसते तर हा अनुभव निम्माच राहिला असता.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण लोक तिथेच अडतात. जुन्या सरकारी वास्तूत जायचं म्हटलं की काहीजण विचारपूस न करता सरळ घुसतात आणि काहीजण "परवानगी कोण मागत बसणार" म्हणून जातच नाहीत. सरकारवाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यातलं. नुसतं बघून यायचं असतं तर मी कदाचित अर्ज केलाही नसता. पण आम्हाला आत बसून चित्रं काढायची होती, निवांत वेळ हवा होता, आणि मुलं कुणाच्या कामात आडवी येऊ नयेत असंही वाटत होतं. म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहिला. मुलं किती, वयं काय, सोबत मोठी माणसं किती, कोणत्या दिवशी, अंदाजे किती वेळ आणि नेमकं काय करणार, एवढंच. पालकांची संमतीपत्रंही मी स्वतःहून जोडली. अर्जाच्या दोन प्रती काढल्या, एक त्यांच्या कार्यालयात दिली आणि दुसरीवर पोच घेतली. तिथल्या बाईंनी अर्ज नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "रंग-पाणी आणणार आहात का?" मी म्हटलं, "नाही, फक्त पेन्सिल आणि कागद." त्यांचा चेहरा लगेच निवळला. जुन्या लाकडावर सांडलेला रंग कुणी आणि कसा काढायचा, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आधी येणार, हे योग्यच आहे. ज्या कुणाला मुलांचा गट न्यायचा असेल, त्यांनी अर्जात हे आधीच लिहावं. तुम्ही त्या वास्तूची काळजी घेणार आहात एवढं समोरच्याला दिसलं की निम्मं काम तिथेच होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मुलांना आमच्या गॅलरीत बसवलं. सनावळ्यांचं पाठांतर करून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण काहीच न सांगता नेणंही बरं नाही. नुसती जुनी भिंत बघून कुणाला काय कळणार? म्हणून एवढंच सांगितलं, की मोगलांच्या काळात आपल्या गावाचं नाव गुलशनाबाद होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर ते पेशव्यांकडे आलं आणि पुढच्या काही दशकांत गोदाकाठचं रूप पालटलं. आज आपण पाहुण्यांना जे 'जुनं नाशिक' म्हणून दाखवतो, त्यातलं कितीतरी त्याच काळातलं आहे. नारोशंकराचं मंदिर 1747 चं, सुंदरनारायणाचं 1756 चं. पेशव्यांच्या घरातली माणसंही इथे येऊन राहिली. नानासाहेबांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई, पुण्यातल्या राजकारणापासून दूर होऊन गंगापूरला राहायला आल्या. राघोबादादा आणि आनंदीबाईंमुळे चावंडस गावाचं आनंदवल्ली झालं.

"आनंदवल्ली म्हणजे आपलं? नवश्या गणपतीजवळचं?" माझी मुलगी ताडकन म्हणाली. दर चतुर्थीला आम्ही जातो ते हेच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या एका प्रश्नानंतर पेशवे तिच्यासाठी पुस्तकातून उठून गंगापूर रोडवर आले. मला वाटतं, मुलांना इतिहास सांगताना आधी त्यांच्या पायाखालचा रस्ता सांगावा.

सकाळी रविवार कारंज्यापर्यंत रिक्षेनं गेलो. सराफ बाजारात गाडी न्यायच्या भानगडीत पडू नये, लावायला जागाच मिळत नाही. चांदीच्या गणपतीला नमस्कार करून बोहोरपट्टीतून चालत निघालो. दुकानांची शटरं नुकती वर जात होती, कुणी पायरीवर पाणी मारत होतं, कुणी दाराशी हार अडकवत होतं. मुलांबरोबर जायचं तर ही वेळ उत्तम. अकरानंतर त्या गल्लीत हात धरून चालणंसुद्धा अवघड होतं.

आणि मग वाडा समोर आला. मी मुलांना लगेच वर चढू दिलं नाही. समोरच्या बाजूला उभं करून म्हटलं, "आधी नुसतं बघा आणि मला सांगा, या इमारतीत सगळ्यात विचित्र काय आहे?"

भाच्यानं मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. "मावशी, घर एवढं वर का बांधलंय?"

हेच मला हवं होतं. काळ्या दगडाचं उंच जोतं, त्यावर चढत जाणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या आणि त्या संपतात तिथे सागवानी खांबांचा दर्शनी भाग. दरबारी इमारत म्हणून रुबाबासाठी ती उंच असेलच, पण नाशिककराला त्या उंचीचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. तो अर्थ आजोबांनी सांगितला.

आजोबा पायरीवर बसले आणि छोटीला शेजारी घेतलं. म्हणाले, "आमच्या वेळी पूर किती आला हे कुणी फुटांत सांगायचं नाही. आधी विचारायचं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुती बुडाला की सराफ बाजारातले लोक तिजोऱ्या आवरायला घ्यायचे. आणि पाणी बाजारात शिरलं की मग विचारायचं, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं?" 1969 च्या सप्टेंबरातला महापूर त्यांनी लहानपणी पाहिलेला. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी लांबून या बाजाराकडे पाहिलं, तेव्हा रस्ता नव्हताच, नुसतं गढूळ पाणी होतं आणि त्यातून भांडी बाजारातली पातेली वाहत चालली होती, असं ते सांगत होते. 2008, 2016, 2019 हे पूर तर मोठ्या मुलांच्या आईवडिलांनीही पाहिलेले.

नववीतल्या मुलानं विचारलं, "पण गंगापूर धरण होतं ना?" धरण 1965 मध्ये पूर्ण झालं, म्हणजे 1969 ला ते होतंच. मग आजोबांनी त्याला समजावलं, की धरण भरलेलं असताना वर त्र्यंबकच्या डोंगरात मुसळधार पाऊस सुरू झाला की पाणी सोडावंच लागतं. धरणाच्या खाली, शहरात जो पाऊस पडतो तो आणि वाघाडीसारखे नाले जे आणून ओततात ते, यांना धरण अडवू शकत नाही. हे ऐकताना त्या मुलाची बोटं पायऱ्यांच्या दगडावर खालून वर सरकत होती. दोन घटना मनात जोडताना मुलं हातानं काहीतरी करतात, हे मी क्लासात नेहमी बघते.

पायऱ्यांवरच आमचा बराच वेळ गेला. मुलांनी त्या मोजल्या, दोनदा मोजल्या, आकडा जुळला नाही म्हणून भांडली, आणि शेवटी खालची अर्धी पायरी धरायची की नाही यावर तडजोड झाली. मला घाई नव्हती. आम्ही एकच इमारत बघायला आलो होतो. काळाराम, सीता गुंफा, तपोवन सगळं एका सकाळी उरकायचं नव्हतं. तसं फिरवलं की मुलांना शेवटी फक्त उसाचा रस आठवतो.

वर गेल्यावर खांब लागतात. माझ्यासारखीला तिथून पुढे हलायला नकोच वाटतं. पेशवाई वाड्यांच्या सुतारकामात हे सुरूदार खांब ठरलेले. तळाशी जरा फुगीर, कळीसारखे, आणि वर निमुळते होत जाणारे. त्यावर केळफुलांची नक्षी, वर कमानींच्या महिरपी, त्यावर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी छत. मुलांना मी एकेक खांब वाटून दिला आणि सांगितलं, अख्खा काढायचा नाही. फक्त खालचा हातभर भाग काढायचा, जिथे लाकूड दगडाला टेकतं.

"एवढंच?" आठवीतली मुलगी जरा हिरमुसली. तिला महिरप काढायची होती.

"एवढंच. नीट बघ आधी."

ती जमिनीवर मांडी घालून बसली. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली. "काकू, लाकूड जमिनीला लागतच नाहीये." बरोबर. खांबाखाली दगडाचा तळखडा आहे, चौकोनी, वर घडीव. लाकूड थेट जमिनीत रोवलं तर ओल वर चढते, वाळवी लागते, आणि काही वर्षांत बुंधा पोखरून निघतो. दगडावर उभं केलं की ओल तिथेच थांबते. एवढ्या साध्या युक्तीवर तो खांब पिढ्यान्‌पिढ्या भार घेऊन उभा आहे. ती मुलगी मग खाली वाकून, गाल जवळजवळ फरशीला लावून, दगड आणि लाकूड यांच्यामधली ती बारीक फट बघत बसली. तिच्या चित्रात ती फट आली. तीन बोटं रुंद तळखडा, त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला, त्यावर लाकडाची कडा, आणि मधे केसाएवढी काळी रेघ. मी कितीतरी वर्षं चित्रकला शिकवते. परीक्षेच्या स्थिरचित्रात मुलं तांब्या आणि दोन सफरचंदं काढतात, त्यात एवढं बघणं नसतं.

भाच्याला चित्रात फारसा रस नव्हता. तो सारखा वर बघत होता. "मावशी, वरचं लाकूड आणि हे लाकूड चिकटवलंय कशानं? खिळे तर दिसत नाहीत." मग त्याला दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. एका लाकडाला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ काढायची, दुसऱ्याला तेवढीच खोबण पाडायची आणि ठोकून बसवायचं. गरज पडली तर आरपार लाकडाचीच खुंटी. लोखंड गंजतं आणि लाकूडही खातं. लाकडात लाकूड बसवलं की उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन्ही बरोबर फुगतात, बरोबर आकसतात. त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, सुतारकामातले जाणकार. सिन्नरला परत गेल्यावर त्यानं आजोबांकडून असा एक जोड लाकडाच्या तुकड्यांतून करून घेतला आणि मला फोनवरून फोटो पाठवला.

भिंतींचंही थोडं सांगायला हवं. जुन्या वाड्यांच्या भिंती जाड का, हे सांगून कळत नाही. छोटीला मी एका खिडकीच्या कठड्याजवळ उभं केलं आणि हात आत घालायला सांगितला. कोपरापर्यंत हात गेला तरी भिंत संपेना. बाहेर तोवर ऊन चढलेलं, पण आत गारवा होता. अशा बांधकामात चुना वापरला जातो, आणि त्यात नुसता चुना-वाळू नसते. चुन्याच्या घाण्यात मळताना गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा असं काय काय पडतं. जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे आजही तसाच चुना मळतात, कारण सिमेंटचा गिलावा आतली ओल कोंडून धरतो आणि जुनी वीट, जुना दगड आतून खराब होतो. गुळाचं नाव ऐकल्यावर छोटीनं भिंतीचा वास घेऊन पाहिला. आम्ही कुणी तिला हसलो नाही. वास्तू ओळखायची तीसुद्धा एक रीत आहे.

मी घरून मोडी बाराखडीचे छापील कागद आणि बोरू नेले होते. शाई नव्हती, कोरडाच बोरू. पेशव्यांच्या काळात असल्या वाड्यात काय चालायचं, हे मुलांना नुसत्या रिकाम्या दालनाकडे बघून दिसत नाही. त्यांना म्हटलं, डोळे मिटा. बैठक अंथरलेली आहे, कारकून मांडी घालून बसलेत, पुढ्यात कलमदान, मांडीवर कागद. कुणाचं इनाम, कुठल्या गावचा वसूल, कुठल्या देवस्थानाचा नेमणुकीचा खर्च, सगळं मोडीत उतरवलं जातंय. हात न उचलता, भराभर. असे कागद पुढे रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत बांधून ठेवत. पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर अशाच रुमालांचं आहे. मग प्रत्येकानं बोरू धरून आपलं नाव हवेत आणि कागदावर कोरडंच गिरवलं. नववीतल्या मुलाला ते इतकं आवडलं, की बाराखडीचा कागद त्यानं परत दिलाच नाही. घरी पणजोबांच्या वेळचा शेतीचा एक कागद आहे, तो कुणालाच वाचता येत नाही, म्हणाला.

त्याच मुलानं पुढचा प्रश्न काढला. "इंग्रज आल्यावर याचं काय झालं?"

1818 मध्ये पेशवाई गेली आणि वाडा इंग्रज सरकारकडे आला. राजा बदलला, इमारत सरकारीच राहिली. नाशिक जिल्हा स्वतंत्रपणे झाला तो 1869 मध्ये; त्याआधी हा मुलूख नगर आणि खानदेश यांच्यात वाटलेला होता. वाड्यानं मग कचेऱ्या पाहिल्या, पोलीस पाहिले, आणि मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे वाचनालय पाहिलं. आपलं सार्वजनिक वाचनालय, सगळं गाव ज्याला 'सावाना' म्हणतं, ते 1840 चं. त्याचं बिऱ्हाड पूर्वी या सरकारवाड्यात होतं. आजोबांनी लगेच हात वर केला. वडिलांचं बोट धरून ते इथे पुस्तक बदलायला यायचे. मुलांना हे ऐकून गंमत वाटली, पण मला त्यात मोठं काही दिसतं. जिथे रयत अर्ज घेऊन भीत भीत पायऱ्या चढली असेल, तिथेच पुढे कुणीही सामान्य माणूस मासिक वाचायला चढला. मुलांना मी हे आवर्जून सांगितलं, आणि हेही सांगितलं की आज तुम्ही चढलात ते तुमच्या हक्कानं. ही वास्तू तुमच्या सरकारची, म्हणजे तुमची आहे.

इंग्रजांचा विषय निघालाच होता, तर कान्हेऱ्यांचा निघणारच. "तुम्ही मॅच बघायला जाता ते मैदान कुठलं?" मी विचारलं. "गोल्फ क्लब," भाचा सोडून सगळे. "पूर्ण नाव?" आठवीतल्या मुलीला आलं, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. मग त्यांना 21 डिसेंबर 1909 ची रात्र सांगितली. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आलेला, विजयानंद थिएटर, आणि विशीही न गाठलेला एक मुलगा पिस्तूल घेऊन. पुढच्याच एप्रिलमध्ये, 19 तारखेला, ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. मुलं गप्प झाली. नववीतला मुलगा त्या वयाच्या जवळ आलेला; त्यानं तारीख वहीत लिहून घेतली. मी त्यावर आणखी काही बोलले नाही. अशा ठिकाणी मोठ्यांनी भाषण करू नये, असं माझं मत आहे.

बाहेर पडताना स्मारकाचा तो निळा फलक मुलांना वाचायला लावला. 1960 चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा, आणि वास्तूला इजा केली तर शिक्षा, असं त्यावर असतं. वाचून माझ्या मुलीनं विचारलं, की मग एवढ्या ठिकाणी लोक भिंतींवर नावं का कोरतात? पांडवलेण्यांच्या वाटेवर तिनं ते पाहिलं होतं. आजोबा म्हणाले, "ज्याला ती आपली वाटत नाही, तो कोरतो." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. पण आत चित्र काढताना तिची पेन्सिल भिंतीला टेकली तेव्हा तिनं चटकन मागे घेतली होती, हे मी पाहिलं होतं.

तिथून नदी जवळच. उतरून गोदाघाटावर गेलो. मुलांना दुतोंड्या मारुती प्रत्यक्ष बघायचा होता. पाणी शांत होतं, मारुती पायापर्यंत मोकळा. नववीतल्या मुलानं मारुतीकडे बोट करून मग मागे वळून वाड्याच्या दिशेला हात केला आणि उंचीचा अंदाज घेत राहिला. "म्हणजे हा अख्खा बुडून, वर पाणी एवढं चढून, मग तिथवर." आकडा न सांगता त्याला पूर कळला होता. पलीकडे नारोशंकराचं मंदिर. वसईच्या विजयानंतर आणलेली तिथली घंटा भाच्याला दाखवली, आणि पूर घंटेला टेकला म्हणजे काय समजायचं हे आजोबांनी त्याला स्वतःच्या पद्धतीनं रंगवून सांगितलं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. पाच-सहा मुलांपेक्षा जास्त नेऊ नका. जास्त झाली की आपण राखण करत बसतो, बघणं होत नाही. सकाळी लवकर जा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. पाणी जवळ ठेवा, खाऊ बाहेर आल्यावर. लघवीला लहान मुलांना आधीच नेऊन आणा, बाजारात पंचाईत होते. बसायला पातळ चटई किंवा जुनं चादरीचं कापड न्या. आणि जमलं तर घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर घ्या, ज्यानं हा भाग पूर्वी पाहिलाय. पायऱ्या उंच आहेत, त्यांना हात द्यावा लागेल, चढायला वेळ लागेल. लागू द्या.

पाची मुलांची चित्रं मी क्लासात एका दोरीवर लावली. पाचही फक्त खांबांच्या तळाची. पालक येतात, बघतात आणि विचारतात, "वाडा कुठाय यात?" मग मुलंच पुढे होऊन त्यांना तळखडा दाखवतात, ओल आणि वाळवीचं सांगतात, आणि खालची अर्धी पायरी धरायची की नाही हा वाद पुन्हा सुरू होतो. दोन पालक त्यातूनच मागे लागलेत, आम्हालाही न्या म्हणून. त्यांच्यासाठी नवा अर्ज लिहून ठेवलाय. या वेळी मुलांसोबत त्यांच्या आई-वडिलांचीही नावं त्यात घातली आहेत, आणि पेन्सिली त्यांनाही आणायला सांगितल्या आहेत.